सडांना लावायचं मलम

वोलोग्दाच्या अलीकडे, बस जिथून माघारी वळते,
तिथे माझं दुकान. पाटीवर गाय आणि कोंबडी.
कोंबडीचा रंग उडालाय.
जंतांच्या गोळ्या, खुरांचं औषध,
आणि सडांना लावायचं मलम: हिरवी डबी,
झाकणावर हसणारी गाय.
गाय काही हसत नाही. चित्रकार शहरातला असणार.

सरकारी गोठा मोडला त्या हिवाळ्यात
चारशे जनावरं ट्रकांत चढली.
म्हटलं, या डब्या आता माझ्या उरावर.
मे संपायच्या आत एक उरली नाही.

पहिली आली ग्रंथालयातली आग्निया.
"गाय कधी घेतलीस?"
"बहिणीची आहे."
बहीण मुर्मान्स्कला, पाचव्या मजल्यावर.
मग शाळेची स्वयंपाकीण. मग नोटरीची बायको,
काळा चष्मा लावून; डबी अशी पर्समध्ये टाकली
जशी प्रियकराची चिठ्ठी.
पंचक्रोशीत औषधाला गाय नाही
आणि कासेची एवढी काळजी!

मुळाशी होती कापितोलिना.
छत्तीस वर्षं पहाटे चारला गोठ्यात.
यंत्रं आली तरी शेवटची धार हातानंच काढायची,
यंत्राला पान्हा कळत नाही म्हणायची.
आठ मार्चला सभागृहात बायकांचा चहा होता.
तिनं हातमोजे काढले आणि टेबल गप्प झालं.
चेहरा सत्तरीचा, वाऱ्यानं, बर्फानं उललेला,
आणि त्याखाली बशी धरून
तिशीतल्या कुणाचे तरी हात.

"कुणाचे चोरलेस गं?"
"गायींचे. त्यांना लावून बोटांवर उरायचं,
पुसायला वेळ कुणाला होता?"
"मग तोंडाला का नाही लावलंस?"
"तोंडाला कशाला? गायीला माझं तोंड कुठे लागायचं!"
सगळ्या हसल्या. जरा जास्तच हसल्या.
प्रत्येकीनं मनात डबीची किंमत करून ठेवली होती.

मीसुद्धा. खोटं कशाला बोलू.
दुकान बंद करून, मागच्या खोलीत,
आधी सूचना वाचली. सूचना वाचणं हा माझा धंदा.
कोमट पाण्यानं धुवावं. मऊ फडक्यानं टिपावं.
दोन बोटांनी, हलक्या हातानं, वरून खाली.
जनावर बुजू नये म्हणून बोलत राहावं.

तेवीस वर्षं विकतेय,
ही शेवटची ओळ कधी डोळ्यांखालून गेली नव्हती.
आरशात भाकड म्हणून सोडून दिलेलं एक जनावर,
त्याच्याशी बोलावं काय, सुचेना.
शेवटी म्हटलं, हो, हो बाई. उभी राहा. झालंच.
आणि ती खरंच उभी राहिली.

सुरकुत्या गेल्या का?
आग्निया म्हणते, गेल्या.
नोटरीची बायको अजून चष्मा काढत नाही.
माझ्या कपाळावरच्या दोन आहेत तिथेच,
फक्त मऊ झाल्यात,
जुन्या चादरीची घडी धुवून धुवून होते तशा.

शहरातून एक विक्रेता येऊन गेला.
तेच मलम, मी वास घेऊन पाहिला.
गुलाबी झाकण, गाय नाही, किंमत सहापट.
चार ठेवून घेतल्या. धूळ खातायत.
बायकांना गायच हवी.

परवा कापितोलिना आली. घ्यायचं काही नव्हतं.
काउंटरवर हात ठेवून उभी राहिली.
म्हणाली, मी झोपते गं, पण हे चारला उठतात.
उशीवर बोटं मिटतात, उघडतात. मिटतात.
मी एक डबी पुढे सरकवली.
तिनं परत सरकवली. "लावू कुणाला?"

मग झाकणावरच्या गायीच्या कपाळावरून
अंगठा फिरवला, डोळे बारीक करून पाहिलं.
"ही काही आमची नोच्का नाही," म्हणाली.
"नोच्काचं डावं शिंग वाकडं होतं."